फळमाशीचे कूळ आणि मूळ

यवतमाळ जिल्ह्यात ‘फळमाशी’ हा एकच शब्द निदान पाच वेगवेगळ्या कीटकांना पुरतो. पिकल्या आंब्याच्या गरात वळवळणारी अळी, पेरू आतून नासवणारी अळी, कोवळी कारली-दोडकी वाकडी करून सडवणारी अळी आणि संक्रांतीच्या सुमारास बोराच्या बीभोवतीचा गर तपकिरी करून टाकणारी अळी, या सगळ्या बोलण्यात एकाच माशीच्या ठरतात. प्राणिशास्त्र मात्र त्यांच्या माशा तीन वंशांत आणि पाच जातींत विभागते. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे म्हणतात, परंतु फळमाशीच्या बाबतीत ते शोधावेच लागते, कारण या पाचांपैकी एकीचेही शास्त्रीय नाव वऱ्हाडात ठेवले गेलेले नाही आणि त्यातली बहुतेक नावे पुढे एकदा तरी बदललेली आहेत.

येथे जाती म्हणजे आपसांत संकर करून प्रजा वाढवणाऱ्या जीवांचा समूह, निकटच्या जातींचा गट तो वंश आणि अशा वंशांचे मिळून कूळ. वृत्तपत्री मराठीत जातीलाच ‘प्रजाती’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो सोयीचा वाटला तरी गोंधळ वाढवणारा आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याच्या ‘सिस्टिमा नातुरे’ या ग्रंथाच्या 1758 च्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांची द्विनाम पद्धती सुरू झाली असे मानले जाते. तीत शाळेच्या हजेरीपटावर जसे आडनाव आधी येते तसे वंशाचे नाव आधी येते, मग जातीचे, आणि त्यानंतर ते नाव देणाऱ्याचे नाव व वर्ष. संशोधनाअंती जात एका वंशातून दुसऱ्या वंशात हलवली, तर जातीचे नाव टिकते, वंशाचे बदलते आणि नाव देणाऱ्याचे नाव कंसात जाते. म्हणजे कंस दिसला की या माशीने बिऱ्हाड बदलले आहे हे वाचणाऱ्याने ओळखावे. जातिनाम विशेषण असेल, तर ते मराठीतल्या ‘काळा-काळी’प्रमाणे वंशनामाच्या लिंगाला धरून फिरते. फळमाश्यांच्या वंशांपैकी डेकस हे नाव पुल्लिंगी आणि बॅक्ट्रोसेरा हे स्त्रीलिंगी, म्हणून डेकसमध्ये ‘झोनाटस’ असलेली माशी बॅक्ट्रोसेरात ‘झोनाटा’ झाली.

ही ‘झोनाटा’, म्हणजे पट्टेवाली, विल्यम विल्सन सॉन्डर्स या इंग्रज गृहस्थाने 1842 मध्ये नामांकित केली. सॉन्डर्स तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या अभियंता दलात भारतात येऊन थोड्याच काळात परतला होता. त्याचा व्यवसाय लंडनच्या लॉईड्समध्ये विमा उतरवण्याचा आणि व्यसन कीटकांचे. भडोचच्या सरकारी कापूस लागवडीवरून आलेल्या एका पतंगाचे वर्णनही त्यानेच 1844 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला ‘गॉसिपिएला’, म्हणजे कापसाची, असे नाव दिले. तीच आजची गुलाबी बोंडअळी. ज्या जिल्ह्याचे अर्थकारण पऱ्हाटीवर उभे आहे त्याच्या दोन शत्रूंची नावे, एक बागेतला आणि एक शेतातला, लंडनच्या एकाच विमाव्यावसायिकाने ठेवलेली असावीत, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

आंब्यावरच्या प्रमुख फळमाशीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. डॅनिश शास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने 1794 मध्ये तिला ‘मुस्का फेरुजिनिआ’, म्हणजे गंजाच्या रंगाची माशी, असे नाव दिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या भारतीय कृषी-कीटकशास्त्रात ती ‘डेकस फेरुजिनिअस’ म्हणून वावरली. तथापि तेच नाव स्कोपोली याने 1763 मध्ये वेगळ्याच माशीला देऊन ठेवले होते. एकाच वंशात एकच नाव दोन जातींना चालत नाही आणि आधी दिलेले नाव श्रेष्ठ, या नियमाने फॅब्रिशियसचे नाव बाद झाले. त्याची जागा हेंडेल याने 1912 मध्ये तेव्हाच्या फॉर्मोसातील, म्हणजे आजच्या तैवानमधील, नमुन्यांवरून दिलेल्या ‘डॉर्सालिस’ या नावाने घेतली. पांढऱ्या बशीत ठेवून भिंगाखाली पाहिले, तर डॉर्सालिस आणि झोनाटा यांतला भेद पंखावरच सापडतो: डॉर्सालिसच्या पारदर्शक पंखाच्या वरच्या कडेने टोकापर्यंत सलग काळपट रेघ जाते, झोनाटाच्या पंखावर ती रेघ तुटून टोकाशी फक्त एक तपकिरी ठिपका उरतो. एवढ्या ठिपक्यावर जात ठरते.

सर्वांत दूरचे नाव मात्र बोराच्या माशीने धारण केले आहे. माळरानावरच्या गावठी बोरीपासून कलमी बोरांपर्यंत सर्वत्र सापडणारी ही माशी ‘कार्पोमाया व्हेसूव्हियाना’ म्हणून ओळखली जाते. तिचा वंश आणि जात दोन्ही नेपल्सचा प्राणिशास्त्रज्ञ अकिले कोस्टा याने 1854 मध्ये स्थापन केले, आणि जातीचे नाव त्या शहराशेजारच्या व्हेसूव्हियस ज्वालामुखीवरून घेतले. बोरवर्गाच्या फळांखेरीज दुसऱ्या कशाला सहसा न शिवणाऱ्या या माशीचे भारतातले घर नेपल्सला अपरिचित असले, तरी शास्त्राला ती प्रथम तेथे भेटली. शास्त्रीय नाव माशी कुठे नांदते हे सांगत नाही, ती प्रथम कोणाच्या टाचणीला लागली हे सांगते. ज्या नमुन्यावरून वर्णन लिहिले तो नमुना, त्याला ‘प्ररूप’ म्हणतात, हाच त्या नावाचा कायमचा जामीन असतो. पुढे शंका आली की ग्रंथाकडे नव्हे, त्या टाचलेल्या माशीकडे जावे लागते.

भारतातल्या फळमाश्यांच्या अभ्यासाला वेग आला तो बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाल्यावर. तुरीन येथील शाळाशिक्षक मारिओ बेझी याने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील फळमाश्यांवर 1913 मध्ये आणि भारत, ब्रह्मदेश व सिलोन येथील डेकस वंशावर 1916 मध्ये लेखन केले. पेरूवरची ‘करेक्टा’ ही जात या दुसऱ्या लेखातली. त्याच सुमारास पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट याच्या ध्यानात आले की सिट्रोनेला तेलाकडे विशिष्ट जातींचे केवळ नर धाव घेतात. 1912 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले आणि 1915 पर्यंत मिथाईल युजेनॉल हे त्यामागचे द्रव्य ओळखले. बाजारात त्याला सर्रास ‘कामगंध’ म्हटले जात असले, तरी ते वनस्पतिजन्य द्रव्य आहे, मादीचा गंध नव्हे.

काकडी-कारल्यावरच्या माशीचे मूळ घर भारताच्या परिसरात मानले जाते, पण कोकिलेट याने 1899 मध्ये तिला ‘कुकुर्बिटी’ हे नाव दिले ते हवाई बेटांवरून आलेल्या नमुन्यांवरून. डेकस, मग बॅक्ट्रोसेरा असा प्रवास करून ही माशी 2015 मध्ये झ्यूगोडेकस या स्वतंत्र वंशात गेली. त्याच वर्षी उलटा निवाडाही झाला: आफ्रिकेत 2003 मध्ये आढळलेली आणि 2005 मध्ये नवी म्हणून जाहीर झालेली ‘इन्व्हेडन्स’, आग्नेय आशियातल्या ‘पपायी’ आणि ‘फिलिपिनेन्सिस’ यांच्यासह, डॉर्सालिसच ठरली. हा पंडिती खटाटोप वाटेल, पण निर्यातीच्या फळांवर निर्बंध घालताना कीड नावानेच नोंदली जाते.

प्रयोगशाळांत अनुवंशशास्त्रासाठी पाळले जाणारे ड्रोसोफिला, म्हणजे नासलेल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट, यालाही फळमाशी म्हटले जात असले, तरी ते फळमाश्यांच्या कुळातले नाहीच. फळमाश्या टेफ्रिटिडी कुळातल्या, चिलटे ड्रोसोफिलिडी कुळातली. फळमाशी सोंडेने नव्हे, तर अंडी घालण्याच्या टोकदार नळीने निरोगी फळाला भोक पाडते, आणि चिलट बहुधा आधीच कुजलेल्या फळावर बसते.

नावे बदलण्याची ही खोड माश्यांपुरती नाही. यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत कागदोपत्री वणी गावावरून ‘वूण’ म्हणून ओळखला जाई. तेव्हाच्या एखाद्या कीटकाच्या चिठ्ठीवर ‘वूण’ आढळले, तर ते वणी गाव की सारा जिल्हा, हे ठरवायला कीटकशास्त्राइतकाच मुलखाचा इतिहास लागेल.

बाजारात या सगळ्या फळमाश्यांसाठी विकला जाणारा डबा सारखाच दिसतो आणि त्यावर ‘फळमाशी सापळा’ एवढेच छापलेले असते. आत मिथाईल युजेनॉलची वडी असेल, तर डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा यांचे नर येतात. काकडीवर्गाच्या माशीसाठी क्यू ल्यूर हे वेगळे द्रव्य लागते. बोराची माशी या दोन्हींना दाद देत नाही. तेव्हा सापळा घेताना पीक आंब्याचे की कारल्याचे, हे दुकानदाराला आधी सांगावे आणि आतली वडी कोणती, हे वेष्टनावर वाचूनच पैसे द्यावेत.