पेण, पेन आणि पेन्शन



पेण गावाचे इंग्रजी स्पेलिंग पी-ई-एन. इंग्रजीच्या वर्णमालेत ण नाही, त्यामुळे आमचे हे गाव कागदोपत्री लेखणी होऊन बसले. पंडित लोक एनच्या खाली टिंब देऊन ण दाखवतात, पण रेल्वेच्या पाटीवर टिंब कोण देतो! जुन्या मराठीत 'पेणें' म्हणजे प्रवासातला मुक्काम, टप्पा. गावाचे नाव त्यावरूनच पडले असा माझा दावा नाही, पण ज्या वाटेवर एकीकडे बोरघाट आणि दुसरीकडे खाडी, तिथल्या गावाला ते शोभते खरे.

माझी नोकरी पेण आणि रोह्याला मराठी शाळांतल्या मुलांना शिकवण्यात गेली. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी मुले पाचवीत ए-बी-सी-डी गिरवायची, आणि स्पेलिंग पाठ करणे म्हणजे शिक्षाच वाटायची. इंग्रजी ही मुंबईच्या साहेब लोकांची मालमत्ता, आपला तिच्याशी संबंध नाही, हे बिचाऱ्यांच्या मनात घट्ट बसलेले. मग मी फळ्यावर आमच्या गावाचे नाव लिहायचो आणि ही तीन अक्षरे पोटात असलेले शब्द शोधायला लावायचो. पेन, पेन्सिल, पेनी, ओपन, हॅपन, सर्पंट, कारपेंटर... फळा भरायचा. एकदा एका मुलीने विचारले, "सर, हे सगळे एकमेकांचे भाऊ का?"

प्रश्न लाखमोलाचा होता. जाडजूड शब्दकोश उघडावा तर कंपासपेटीतच पहिली फाटाफूट. पेन आले लॅटिन 'पेन्ना'वरून, म्हणजे पीस. पूर्वी पिसानेच लिहीत. पेन्सिल मात्र 'पेनिसिलस'वरून, म्हणजे छोटी शेपटी, अर्थात रंगाचा कुंचला. जन्मभर एका पेटीत राहून दोघांचे रक्ताचे नाते नाही! पेन्सिलीची खरी बहीण पेनिसिलिन. त्या बुरशीचे तंतू कुंचल्यासारखे दिसतात म्हणून तिला पेनिसिलियम नाव मिळाले. तिच्यातले औषध फ्लेमिंगला सापडले १९२८ साली, आणि आपल्या पिंपरीला १९५४ मध्ये त्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला.

आता गंमत बघा. पेन्नाचे मूळ 'उडणे' या अर्थाच्या धातूत आहे, आणि त्याच घराण्यातला संस्कृत धातू पत्. त्यावरून पत्र, म्हणजे पंख, पान, आणि पुढे आपण टपालाने पाठवतो ते पत्र. म्हणजे पेनने पत्र लिहिताना दोन चुलत भावंडे भेटतात. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच उगमातल्या भाषा असाव्यात असे सांगितले, ते हेच. पेंटॅगॉनमधला 'पेंटे' म्हणजे आपला पंच. सर्पंट म्हणजे तर उघड उघड सर्प. त्यात आमचे पेण आले ते निव्वळ अपघाताने, कारण शब्द फोडायचा तो 'सर्प' आणि 'एंट' असा. कारपेंटरची गोष्टही तशीच, तो मूळचा गाडे बनवणारा. आणि पेन म्हणजे गुरे कोंडायचा वाडाही, पण हा तिसराच, त्याचा पिसाशी काही संबंध नाही.

पेनिन्सुला या शब्दाने मला सर्वांत जास्त आनंद दिला. लॅटिनमध्ये 'पेने' म्हणजे जवळजवळ, 'इन्सुला' म्हणजे बेट. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. आपला शब्द द्वीपकल्प. संस्कृतात शेवटी 'कल्प' लागला की अर्थ होतो 'जवळपास तसेच'. अक्षर न अक्षर तोच अर्थ! भूगोलाच्या तासाला आम्ही हा शब्द किती वेळा घोकला, पण फोडून कुणी दाखवला नाही.

खरे मोठे घराणे मात्र लटकण्याचे. लॅटिनमध्ये लटकणे आणि तोलणे हे सख्खे शेजारी, कारण तराजू लटकतो तेव्हाच तोलतो. जुन्या काळी पैसे मोजण्याऐवजी तोलून देत, म्हणून पेन्शन, एक्स्पेन्स, स्पेंड. लटकण्यावरून पेंड्युलम, डिपेंड, सस्पेंड. डिपेंडला आपण 'अवलंबून' म्हणतो, सस्पेंडला 'निलंबित'. दोन्हींत लंब् धातू आहे, म्हणजे पुन्हा लटकणेच! आम्हा पेन्शनरांना हे घराणे किती जवळचे, ते दर महिन्याच्या सुरुवातीला बँकेत येऊन बघावे.

तोलण्याच्या शाखेतला आपल्या भागातला मोठा माणूस म्हणजे चिंतामणराव देशमुख. बालपण रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ ला आयसीएसलाही पहिले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. देशाचा एक्स्पेंडिचर सांभाळणाऱ्या या माणसाने मेघदूत मराठीत आणले, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. लटकण्याच्या शाखेत मी विनोबांना घालतो, जरा उलट्या अर्थाने. ते १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मले, आणि १९४० मध्ये गांधीजींनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनाच निवडले. इंडिपेंडन्स या शब्दाच्या पोटातही पी-ई-एन आहे. इंडिपेंडंट म्हणजे जो कशालाच लटकलेला नाही. हा शब्द फळ्यावर फोडून दाखवला की त्या लांबलचक स्पेलिंगची भीती जायची, आणि पोरे ते न चुकता लिहायची.

रोह्याच्या मुलांचा मात्र या खेळात हिरमोड व्हायचा. आर-ओ-एच-ए ही चार अक्षरे ओळीने असलेला शब्द इंग्रजीत शोधून सापडेना. "सर, पेणवाल्यांचीच मजा," अशी तक्रार. शेवटी एक मिळाला, मायक्रोहॅबिटॅट. म्हणजे एखाद्या जिवाला पुरेल एवढीशी जागा: दगडाखालची ओल, झाडाच्या ढोलीत साचलेले पाणी, बांधावरचे शेवाळ. पावसाळ्यात कुंडलिकेच्या काठी जाऊन मुलांनी त्यातले अकरा मोजून आणले.