विश्लेषण : बाळ रडले की कुणी धावते, कुणी वैतागते... असे का?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या कामगार वस्तीतली एक रात्र डोळ्यांसमोर आणा. ओळीने खोल्या, दोन खोल्यांमध्ये एका विटेची भिंत. रात्री दोन वाजता दीड महिन्याचे बाळ भोकाड पसरते. आई आधीच उठून बसलेली असते. सकाळी सातच्या पाळीला जायचे म्हणून वडील कानावर उशी घेतात. गावाहून आलेली आजी म्हणते, ‘पोट दुखत असंल, हिंग लाव.’ पलीकडच्या खोलीत दुसरी पाळी करून नुकताच आडवा झालेला अविवाहित तरुण भिंतीवर थाप मारतो.

आवाज एकच, पण चार माणसांच्या चार तऱ्हा. त्यावरून आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो : आईला माया असते, बापाला नसते, हल्लीच्या पोरांना सहनशक्तीच नाही. संशोधन मात्र वेगळेच सांगते.

रडणे कानावर पडताच आपल्यात काय घडते?

बाळाचे रडणे दुर्लक्षित होऊ नये, अशीच त्याची घडण आहे. ते बारीक, चढउताराचे आणि थांबून थांबून पुन्हा उसळणारे असते. त्यामुळे कान त्याला सरावत नाहीत. स्तनपान करणाऱ्या अनेक मातांना बाळाचा आवाज ऐकूनच पान्हा फुटतो. हे ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे काम असते.

अमेरिकी संशोधक मार्क बॉर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ११ देशांतील ६८४ मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जपान असो, केनिया असो की अर्जेंटिना, बाळ रडले की बहुतेक माता ते उचलून घेत आणि त्याच्याशी बोलू लागत. त्यांच्या मेंदूतले हालचाल आणि बोलणे यांच्याशी संबंधित भाग रडणे ऐकताच जागे होत असल्याचेही दिसले. म्हणजे ‘काहीतरी करायला हवे’ ही जाणीव जगभर सारखीच आहे. फरक पडतो तो पुढे : त्या आवाजाचा अर्थ आपण काय लावतो आणि त्या क्षणी आपल्यात किती त्राण आहे, यात.

आईलाच कळते, वडिलांना का नाही?

वडिलांनाही कळते, पण बाळासोबत वेळ घालवला तर. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात आई-वडिलांना अनेक बाळांचे रडणे ऐकवून आपले बाळ ओळखायला सांगितले. बाळासोबत दिवसाला चार तासांपेक्षा जास्त वेळ असलेले वडील आईइतकेच अचूक ठरले. दोघांचेही सुमारे ९० टक्के अंदाज बरोबर आले. चार तासांपेक्षा कमी वेळ देणारे वडील मात्र मागे पडले.

हा चार तासांचा हिशेब पाळीत काम करणाऱ्या बापाला जमायचा कसा? आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कक्षेतील महिला कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे. खासगी नोकरीतल्या वडिलांसाठी मात्र देशपातळीवर कायद्याने बंधनकारक अशी पितृत्व रजा नाही. त्यामुळे ‘याला काही कळतच नाही’ असे जे घराघरांत म्हटले जाते, त्यात स्वभावाइतकाच वेळापत्रकाचाही दोष असतो.

शेजाऱ्याला तो नुसता गोंगाट का वाटतो?

कारण तो आवाज त्याला ‘वाचता’ येत नाही. फ्रान्समधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रौढांना बाळांचे दोन प्रकारचे रडणे ऐकवले : आंघोळीच्या वेळचे किरकिरीचे आणि लस टोचतानाचे वेदनेचे. मुलांचा काहीच अनुभव नसलेल्यांना यातला फरक जवळपास ओळखता आला नाही. दोन वर्षांखालील मुलांच्या आई-वडिलांना मात्र अनोळखी बाळाचेही रडणे बरेचसे ओळखता आले. आजीचा ‘पोट दुखत असंल’ हा अंदाज प्रत्येक वेळी बरोबर असेल असे नाही, पण रडणे ऐकून ती घाबरत नाही, यामागे तिने वाढवलेली मुले असतात. भिंतीवर थाप मारणारा तरुण बाप झाला की तोही हे शिकतो.

मुलगा की मुलगी, याने फरक पडतो?

बाळाच्या रडण्यात नाही, ऐकणाऱ्याच्या डोक्यात पडतो. तीन महिन्यांच्या मुलामुलींच्या रडण्याच्या पट्टीत फरक नसतो, असे २०१६ च्या एका ब्रिटिश-फ्रेंच अभ्यासात आढळले. तरीही ऐकणाऱ्यांनी बारीक आवाज मुलीचा आणि जाड आवाज मुलाचा ठरवला. जाड आवाजाचे बाळ मुलगा आहे असे सांगितल्यावर पुरुषांना त्या रडण्यात जास्त त्रास जाणवला. थोडक्यात, ‘मुलगा असून काय रडतोस’ हे वाक्य तोंडातून निघण्याच्या कितीतरी आधी मनात तयार झालेले असते.

‘नाटक करतंय’, ‘मुद्दाम छळतंय’ हा अर्थही असाच आपण लावलेला असतो. काही महिन्यांच्या बाळाला डाव रचण्याची समज नसते. भूक, थकवा, कपडे ओले होणे, जवळ कुणीतरी हवे असणे, हे सगळे सांगायला त्याच्याकडे रडणे हेच प्रमुख साधन असते. दोन-तीन वर्षांचे मूल दुकानात लोळण घेते तेव्हाही राग आवरण्याची क्षमता त्याच्यात पुरती आलेली नसते. रडण्यात खोडी दिसली की आपल्याला चीड येते. त्रास दिसला की आपण जवळ घेतो.

दीड महिन्यालाच घर का हादरते?

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पहिल्या काही आठवड्यांत रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोहोचते आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत उतरते, असे त्यातून दिसले. संध्याकाळी ते जास्त असते आणि अनेकदा त्याचे कारण सापडत नाही.

आता आपला रिवाज आठवा. बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे साधारण ४० दिवस. त्यानंतर मदतीला आलेली माणसे परततात, कौतुक ओसरते. सरकारी कार्यक्रमानुसार आशा सेविकेची नवजात बाळासाठीची शेवटची गृहभेट ४२ व्या दिवशी असते. म्हणजे आधार कमी होतो नेमका तेव्हाच, जेव्हा रडणे शिखरावर असते. माहेर दूर राहिलेल्या कामगार कुटुंबांत तर ही मदत मुळातच तोकडी असते.

संताप आला म्हणजे प्रेम नाही का?

नाही. अपुरी झोप, पैशाची ओढाताण, भिंतीपलीकडच्यांचा धाक आणि सगळे करूनही बाळ शांत न होणे, यातून हतबलता येते. हतबलतेचा संताप व्हायला वेळ लागत नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात आईला रडणे ऐकूनही उठावेसे वाटत नाही. तो आजार आहे, आळस नव्हे.

धोका पुढच्या पायरीवर आहे. बाळाला जोरात गदागदा हलवले तर मेंदूत रक्तस्राव होऊन ते कायमचे अपंग होऊ शकते किंवा दगावू शकते.

मग करायचे काय?

- भूक, लंगोट, उकाडा-थंडी, ढेकर हे आधी तपासा.
- बाळ रडत नसतानाही त्याला कडेवर, छातीशी घ्या. १९८६ मध्ये कॅनडात झालेल्या प्रयोगात असे जास्त वेळ घेतलेली बाळे सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली.
- डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुंगीचे किंवा झोपेचे औषध देऊ नका.
- डोके तापले तर बाळाला पाळण्यात पाठीवर सुरक्षित झोपवून काही मिनिटे बाजूला व्हा. तेवढा वेळ रडल्याने बाळाला इजा होत नाही.
- घरात रात्रीच्या पाळ्या लावा. एकाच माणसावर सगळ्या रात्री नकोत.
- तीन महिन्यांखालील बाळाला ताप, दूध न ओढणे, धाप, हिरवी उलटी, झटके किंवा रडणे क्षीण होणे, यापैकी काहीही दिसले तर लगेच दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.
- आईला किंवा वडिलांना सतत उदास वाटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

आणि भिंतीपलीकडे राहत असाल तर थाप मारण्याऐवजी सकाळी एकदा विचारा, ‘ताई, काही मदत हवी का?’ दीड महिन्याच्या बाळाचे रडणे पुढच्या काही आठवड्यांत आपसूक कमी होते. तोवर त्या घराला आणखी एक माणूस मिळाला, तर तेही पुष्कळ आहे.