लॅक्सटन : इंग्लंडमधील एका खेड्याचे ऋतुचक्र व ग्रामन्यायसभा

प्रस्तावना

भारतीय ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासात ‘स्वयंपूर्ण खेडे’ ही संकल्पना दीर्घकाळ केंद्रस्थानी राहिली आहे. सर चार्ल्स मेटकाफ यांनी १८३० साली भारतीय खेड्यांचे वर्णन छोटी प्रजासत्ताके असे केले. गव्हर्नर जनरलच्या मंडळात १८६२ ते १८६९ या काळात विधी सदस्य असलेल्या सर हेन्री मेन यांनी १८७१ साली पूर्व व पश्चिमेकडील ग्रामसमुदायांवरील ग्रंथात भारतातील खेडी व इंग्लंडमधील जुनी सामाईक शेते यांची तुलना केली. आपल्याकडील ग्रामविषयक लेखनात या तुलनेतील भारतीय बाजूची चिकित्सा पुष्कळ झाली. इंग्लिश बाजू मात्र बहुधा गृहीतच धरली गेली. ते खेडे प्रत्यक्षात कसे चालत होते, याचा शोध नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्सटन या गावाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खुल्या शिवाराची रचना

मध्ययुगीन इंग्लंडच्या मध्यभागातील बहुसंख्य गावांत शेतीची पद्धत सामान्यतः एकच होती. गावाभोवती दोन किंवा तीन विस्तीर्ण शेते असत. त्यांत कुंपणे नसत. प्रत्येक शेत अरुंद पट्ट्यांत विभागलेले असे आणि एकाच कुटुंबाच्या पट्ट्या सर्व शेतांत विखुरलेल्या असत. त्यामुळे चांगल्या व हलक्या जमिनीचा वाटा सर्वांना मिळे. पुढे कुंपणबंदीने ही रचना मोडली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने संमत केलेल्या हजारो कुंपणबंदी कायद्यांनी सुमारे ६८ लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून अधिक भूमी, सामाईक व्यवस्थेतून बाहेर काढली.

लॅक्सटन येथे मात्र वेस्ट फील्ड, मिल फील्ड व साऊथ फील्ड ही तीन खुली शेते, विस्ताराने कमी झालेली असली तरी, आजही कसली जातात. सर विल्यम कोर्टेन या लंडनच्या व्यापाऱ्याच्या मालकीत हे गाव असताना १६३५ साली मार्क पियर्स याने त्याची मोजणी करून नकाशा सिद्ध केला. पट्टीपट्टीची नोंद असलेले हे साधन सी. एस. ऑरविन दांपत्याच्या १९३८ मधील ‘द ओपन फील्ड्स’ या ग्रंथाचा आधार ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ही नोंद गावाने स्वतःसाठी केलेली नसून मालकाने आपल्या मिळकतीची करविलेली आहे.

वर्षाचा क्रम

तीन शेतांत पिकांची फेरपालट ठरलेली असे. एका शेतात शरदात पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक, तिसरे पड. पुढील वर्षी हा क्रम एकेक शेत पुढे सरके. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडीच्या जागी गवत व वैरणीची पिके आली. कोणी काय पेरावे हा अशा रचनेत खासगी प्रश्न राहूच शकत नाही. पीक निघाल्यावर त्याच शेतात गावाची जनावरे सामाईक चरत. एखाद्याचे पीक मागे राहिले तर सर्वांची चराई अडत असे.

मशागतीस अयोग्य अशा ओलसर सखल भागांत व शेतांच्या कडांना गवत राखलेले असते. या गवताळ पट्ट्यांना तेथे ‘साइक’ म्हणतात. उन्हाळ्याच्या प्रारंभी त्यांवरील गवताचा लिलाव होतो आणि येणारी रक्कम हक्कदारांत वाटली जाते. जानेवारीत, एपिफनीच्या सणानंतरच्या पहिल्या सोमवारी, पूर्व मध्य इंग्लंडमधील खेड्यांत नांगराचा सोमवार पाळला जाई व तरुण नांगरे घरोघर सोंगे काढीत. सण, कामे व हक्क असे एकाच पंचांगात गुंफलेले होते.

शिवारफेरी व न्यायसभा

या वर्षक्रमातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग नोव्हेंबरच्या अखेरीस येतो. गहू पेरून झालेल्या शेताची पाहणी करण्यासाठी शेतकऱ्यांतून नेमलेले पंच व त्यांचा प्रमुख शिवारफेरीस निघतात. पट्ट्यांच्या सीमा नीट आहेत का, कोणी शेजाऱ्याची जमीन, साइक किंवा वाट नांगराखाली घेतली आहे का, हे ते पाहतात व आवश्यक तेथे खुंट्या ठोकतात. आपल्याकडे ज्याला बांध कोरणे म्हणतात, तोच हा गुन्हा. एका आठवड्यानंतर ‘डव्हकोट इन’ या गावातील मद्यगृहात ‘कोर्ट लीट’ ही ग्रामन्यायसभा भरते. मालकाचा कारभारी तिचे कामकाज चालवितो. तेथे दंड ठरतात आणि पुढील वर्षासाठी पंच व कोंडवाड्याचा रखवालदार यांची नेमणूक होते. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने अशा जुन्या सभांचे अधिकार संपुष्टात आणले, परंतु लॅक्सटनच्या सभेस त्यातून वगळण्यात आले.

दंडाची रक्कम किरकोळ असते. तिचे बळ वेगळ्या गोष्टीत आहे. आज दंड ठरविणारा शेतकरी पुढील वर्षी स्वतः आरोपी असू शकतो, आणि हे सर्व त्यास रोज भेटणाऱ्या माणसांसमक्ष घडते. येथील ऐक्य आपुलकीतून आपोआप उपजलेले नाही. परस्परांवरील दरवर्षीच्या उघड देखरेखीने ते टिकवून धरले आहे.

टिकाव कशामुळे?

मग लॅक्सटन वाचले ते ग्रामसमुदायाच्या सामर्थ्याने काय? पुरावा तसे सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अर्ल मॅनव्हर्स व अर्ल ऑफ स्कारबरो या दोन मोठ्या जमीनदारांत कुंपणबंदीच्या खर्चाविषयी एकमत झाले नाही. म्हणून खुली शेते राहिली. १९५२ साली मॅनव्हर्स घराण्याने गाव कृषी मंत्रालयास विकले. १९८१ मध्ये ते राजमुकुटाच्या मिळकतींचे व्यवस्थापन पाहणाऱ्या ‘क्राऊन इस्टेट’कडे गेले. २०१८ मध्ये त्या संस्थेने विक्रीचा मनोदय जाहीर केला आणि २०२० मध्ये मॅनव्हर्स घराण्याच्याच परंपरेतील थोर्सबी इस्टेटने ते विकत घेतले. प्रत्येक निर्णायक वळणावर निर्णय न्यायसभेबाहेर झालेला आहे.

समारोप

मेन यांच्या तुलनेस बेडन-पॉवेल यांनी १८९६ साली आक्षेप घेतला आणि दख्खनच्या रयतवारी गावांत जमिनीची सामूहिक मालकी नव्हती हे दाखविले. लॅक्सटनचा इतिहास त्या वादास दुसऱ्या बाजूने पूरक ठरतो. तेथे मालकी सामूहिक नव्हती; सामूहिक होता तो शेतीचा क्रम व त्यावरील देखरेख. मालकी एकाची, वहिवाट अनेकांची आणि नियम सर्वांचे, अशी ती व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात मराठी खेड्याचे चित्रण करताना हक्क व कर्तव्यांबरोबर त्यांतील जाच व ओढाताणही नोंदविली. इंग्लिश खेड्याकडेही त्याच डोळस वृत्तीने पाहणे इष्ट होय.

लॅक्सटनपुढील आजचा प्रश्न भूतकाळापुरता नाही. शिवारफेरी चालावयाची तर पट्ट्या कसणारी पुरेशी कुटुंबे गावात हवीत. शेती थोड्या हातांत एकवटली तर नकाशा, सभा व तिचा कायदेशीर अधिकार शिल्लक राहतील, परंतु एकमेकांचे बांध तपासणारे शेजारी उरणार नाहीत. ग्रामसंस्थांचे जतन करू इच्छिणाऱ्या सर्वांनी, ते कोणत्याही देशातील असोत, या भेदाचा विचार करणे आवश्यक आहे.