प्लेगची गाठ

सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ नायगाव नावाचे गाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म येथे झाला. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात त्या प्लेगने वारल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. आजारी मुलाला पाठीवर घेऊन तेथे पोचवताना सावित्रीबाईंना लागण झाली, असे त्यांची चरित्रे सांगतात.

त्या वेळी प्लेगविषयी काय ठाऊक होते? येर्सां यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला त्याचा जंतू शोधला होता. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली लस स्वतःलाच टोचून घेतली होती. पण जंतू उंदरापासून माणसाकडे पिसवा नेतात, हे सिमोंड यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये! तोवर सरकारी पथके घरे धूत होती, सामान जाळत होती, आणि उंदीर मात्र मोकळे होते.

आता शरीरात काय घडते ते पाहू. पिसू चावली की जंतू त्वचेखाली शिरतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. एरवी गिळलेला जंतू मरतो. प्लेगचे काही जंतू मात्र आतच तग धरून वाढतात. शरीराच्या उबेत त्यांच्याभोवती आवरण तयार होते, आणि बाहेर पडल्यावर ते सहजी गिळले जात नाहीत. लसीकावाहिन्यांतून ते जवळच्या लसीकाग्रंथीत पोचतात. तेथे झुंज होते, ग्रंथी सुजते. हीच प्लेगची गाठ. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते.

ही चौकी पडली की जंतू रक्तात पसरतात. ते फुप्फुसांत पोचले, तर रुग्णाच्या खोकल्यातूनही रोग पसरतो. रुग्णाला उचलून नेणाऱ्याला असा दुहेरी धोका असे: कपड्यांतील पिसवांचा आणि श्वासाचा. पिसवांचा धोका तर तेव्हा कोणी सांगूही शकत नव्हते.

पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके आली. आज वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण वाचतात. तरी १९९४ मध्ये बीड जिल्हा आणि सुरत येथे प्लेगने पुन्हा भीती पसरवली होतीच.

घसा दुखत असताना जबड्याखाली हाताला लागणारी गाठ मुलांच्या ओळखीची असते. धडा तिच्यापासून सुरू करावा. ती गाठ म्हणजे शरीर लढत असल्याची खूण आहे.