फ्रीमेसन लॉज : परदेशी लॉजांशी भ्रातृसंबंध

फ्रीमेसन संघटनेच्या स्थानिक शाखेस लॉज म्हणतात. लॉजांवर देशोदेशीच्या ग्रँड लॉजांचा अंमल असतो. साऱ्या जगाची मिळून एकच गादी नाही. म्हणून दोन देशांतील लॉजांचे नाते त्यांच्या ग्रँड लॉजांनी एकमेकांना दिलेल्या मान्यतेवर चालते. मान्यता असेल तर सभासद परमुलखातील लॉजात पाहुणा म्हणून बसू शकतो; ती काढून घेतली की कालचा 'ब्रदर' दाराबाहेर. वऱ्हाडी वाचकाने सोयरिकीची रीत आठवावी. घरोबा घराण्यांचा असतो, माणूस त्याच्या जोरावर ओसरी चढतो.

आद्य ग्रँड लॉज लंडनमध्ये १७१७ साली स्थापन झाले, अशी परंपरा आहे. काही अभ्यासक हे साल १७२१ धरतात. हिंदुस्थानात लॉजे अठराव्या शतकातच आली. त्यांच्या इमारतींना लोक 'जादूघर' म्हणत. इराणात 'फरामोशखाना', म्हणजे विस्मरणाचे घर, हे नाव पडले.

पाहुण्याची पारख : नवख्या पाहुण्याजवळ ग्रँड लॉजची सनद आणि वर्गणी भरल्याचा दाखला लागतो. सनदेवर सभासदाची सही आधीच असते. तशीच सही समोर करवून ताडून पाहतात. मग खुणा, हस्तस्पर्श व परवलीचे शब्द विचारले जातात. दारावर नागवी तलवार घेतलेला टायलर उभा असतो. भारतीय लॉजांत बायबलखेरीज गीता, कुराण, अवेस्ता आदी ग्रंथही उघडे ठेवतात व ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर शपथ घ्यायची असते.

मुंबईचे प्रकरण : या विषयात महाराष्ट्रापुरते सर्वांत महत्त्वाचे प्रकरण माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७) यांचे. हे पारशी गृहस्थ स्त्रीशिक्षणाचे कैवारी. मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा त्यांनी १८६३ मध्ये काढली. त्यांनी मुंबईत लॉजप्रवेशासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. बहुतेक अभ्यासक हा नकार वंशभेदाचा मानतात. माणेकजी इंग्लंडला गेले, तेथेही दार उघडले नाही. अखेर पॅरिसमधील 'आ ला ग्लोआर द ल्युनिव्हेर' या लॉजाने त्यांना दीक्षा दिली. आता ते रीतसर फ्रीमेसन होते. मुंबईस परतून त्यांनी पुन्हा अर्ज केला, आणि पुन्हा नकार आला. सभासदत्वाचा निकाल गुप्त मतदानाने लागतो. पेटीत पांढऱ्या-काळ्या गोळ्या टाकतात आणि काळ्या गोळीने अर्ज बुडतो. पॅरिसची दीक्षा त्या पेटीपुढे चालली नाही.

मार्ग काढला तो डॉ. जेम्स बर्न्स (१८०१–१८६२) यांनी. हे कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील डॉक्टर, माँट्रोझचे स्कॉट. १८४१ मध्ये काबूलला मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स त्यांचे धाकटे भाऊ. पश्चिम हिंदुस्थानातील स्कॉटिश लॉजांचे जेम्स बर्न्स हे प्रांतिक ग्रँड मास्टर होते. अफगाण युद्धात सख्खा भाऊ गमावल्यावर दोनच वर्षांनी या माणसाने हिंदी लोकांना दार उघडले, याची नोंद ठळकपणे व्हायला हवी. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या सनदेखाली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' (आज क्र. ३४२) हे लॉज हिंदी सभासदांसाठी स्थापन झाले. इंग्रजाने नाकारलेल्या मुंबईकराला फ्रेंचांनी भाऊ मानले आणि स्कॉटांनी घर दिले. देशोदेशींच्या लॉजांचे बंधुत्व म्हणून जे सांगितले जाते, त्याचा खरा कस येथे लागला. मेजवान्यांत व मानपत्रांत नव्हे.

प्राच्यविद्येचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा याच लॉजातील. लॉजाचा इतिहास डी. एफ. वाडिया यांनी १९१२ मध्ये इंग्रजीत छापला. बंगालमध्ये हिंदूंना दार उघडण्यास याहून बराच उशीर लागला : प्रसन्नकुमार दत्त यांना दीर्घ झगड्यानंतर १८७२ मध्ये प्रवेश मिळाला.

फारकत : १८७७ मध्ये फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने (ग्रँड लॉजसारख्याच तेथील वरिष्ठ संस्थेने) ईश्वरावरील श्रद्धेची अट घटनेतून काढली. लगेच इंग्लंडच्या ग्रँड लॉजने संबंध तोडले आणि ते आजवर पूर्ववत झालेले नाहीत. माणेकजींचा प्रवास चाळीस वर्षांनी झाला असता, तर अशा फ्रेंच दीक्षेला मुंबईत कागदोपत्रीही किंमत उरली नसती. मान्यतेच्या अटी इंग्लंडने १९२९ मध्ये लेखी जाहीर केल्या. ईश्वरनिष्ठा, उघडा धर्मग्रंथ आणि लॉजात धर्म व राजकारणाच्या चर्चेस मनाई या त्यांतील मुख्य.

स्त्रिया : वरील लॉजांत प्रवेश नाही. ॲनी बेझंट १९०२ मध्ये स्त्री-पुरुष दोघांनाही घेणाऱ्या ज्या को-मेसनरीत दाखल झाल्या, तिला इंग्लंडच्या ग्रँड लॉजची मान्यता नाही.

स्वातंत्र्योत्तर : २४ नोव्हेंबर १९६१ रोजी इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड या तिन्ही ग्रँड लॉजांच्या प्रतिनिधींनी नवी दिल्लीत भारताच्या ग्रँड लॉजची स्थापना केली, रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. एका मुलखात एकच ग्रँड लॉज, हा सर्वसाधारण संकेत. भारतात मात्र जुन्या लॉजांना निवडीची मुभा मिळाली. कित्येक नव्या छत्राखाली आली, कित्येक मूळ सनदेवर राहिली. रायझिंग स्टार स्कॉटलंडच्याच यादीत, ३४२ या क्रमांकावर आहे.