घडीचा कॅमेरा आणि ओली काच

हार्मोनियमचा भाता आपण सर्वांनी पाहिलेला असतो. उघडला की फुगतो, मिटला की चपटा होतो. याच युक्तीने एकोणिसाव्या शतकात कॅमेऱ्याची घडी घातली गेली. इंग्लंडमध्ये १८५६ साली कॅप्टन फ्रान्सिस फौक यांनी भात्याच्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. १८५७ मध्ये स्कॉटलंडचे वास्तुशिल्पी किनेअर यांनी भाता भिंगाच्या बाजूला निमुळता केला. निमुळत्या भात्याच्या घड्या एकमेकींच्या आत बसतात, म्हणून कॅमेरा आणखी चपटा मिटतो.

म्हणजे आता छायाचित्रकार मोकळ्या हातांनी डोंगर चढू लागला असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. खरे ओझे कॅमेऱ्याचे नव्हतेच!

त्या काळी १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेली पद्धत रूढ होती. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायची. थर वाळला की त्याची प्रकाशसंवेदनक्षमता जाई. त्यामुळे कॅमेऱ्यामागून अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी न्यावे लागे. शिवाय चित्र काचेएवढेच छापले जाई. मोठ्या चित्राला मोठी, जड काच हवी. सॅम्युएल बोर्न यांनी १८६६ मध्ये हिमालयातील सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत चित्रे घेतली, ती हमालांचा तांडा बरोबर घेऊनच.

ही अडचण सुताराने नव्हे, रसायनाने सोडवली. कोलोडियनमधील ईथरच्या वाफांचा त्रास होत असल्याने डॉ. रिचर्ड मॅडॉक्स पर्याय शोधत होते. १८७१ मध्ये त्यांनी जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड मिसळून कोरडी काच तयार केली. ती फार मंद होती. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी हे मिश्रण काही दिवस उबेत ठेवून तिची संवेदनक्षमता पुष्कळ वाढवली. मग कारखान्यात तयार झालेल्या काचा डब्यांतून विकत मिळू लागल्या आणि अंधारी खोली घरीच राहिली. घडीच्या कॅमेऱ्याचे चीज झाले ते तेव्हा, जवळजवळ पाव शतकाने.

आर्चर यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नव्हते. १८५७ मध्ये ते गरिबीतच वारले. मॅडॉक्स यांनीही पेटंट घेतले नाही. 'कॅमेऱ्याचा शोध कोणी लावला?' या प्रश्नाला वर्गात एकच नाव सांगून आपण थांबतो. जाड कागदाचा निमुळता भाता मुलांकडून करून घ्यावा आणि मग विचारावे: एवढ्याने भागले असते का?