टॉप गिअर, तापीचा पूर आणि नानांची फियाट

मंडळी, २००६ च्या पुरावर आपल्यापैकी पुष्कळांनी लिहिलंय. पाणी कुठवर आलं, गच्चीवर किती रात्री काढल्या, हेलिकॉप्टरमधून पाकिटं कशी पडायची, सगळं वाचलं. मी आज आमच्या घरच्या एका गाडीची गोष्ट सांगणार आहे आणि तिच्याबरोबर एका इंग्रजी टीव्ही कार्यक्रमाचीही. दोन्हींचा काय संबंध, असं वाटेल. पण आमच्या घरात त्या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

कार्यक्रमाचं नाव टॉप गिअर. बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्रानं तो १९७७ मध्ये सुरू केला, तेव्हा तो अगदी साधा होता. कुठली नवी गाडी आली, पेट्रोल किती खाते, रस्त्यावर सुरक्षित कसं राहायचं, एवढंच. २००१ मध्ये तो बंद पडला. २००२ मध्ये नव्या रूपात परत आला आणि पुढच्या वर्षीपासून जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे हे तिघं जमले. गाडीची माहिती मागे पडली आणि तिघांची भांडणं, फजिती, मोडक्या गाड्यांतले लांबलांबचे प्रवास पुढे आले. ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही असा माणूसही तो बघायला लागला. जगात सगळ्यात जास्त ठिकाणी बघितला जाणारा माहितीपर कार्यक्रम म्हणून गिनेस बुकानं त्याची नोंद केली.

आमच्याकडे तो आला माझ्या मुलामुळे. २००६ च्या मे महिन्यात, सुट्टीत, त्यानं मित्राकडून एक सीडी आणली. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्या सीडीत २००३ सालचा हायलक्सचा भाग होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. क्लार्कसन एक जुनी टोयोटा हायलक्स पिकअप विकत घेतो. डिझेलची, तीनेक लाख किलोमीटर चाललेली, किंमत हजार पौंड. ती मरते का बघायचं, एवढाच उद्योग. आधी पायऱ्यांवरून उतरवली, झाडावर घातली. मग भरतीच्या वेळी समुद्रकिनारी बांधून ठेवली. दोर तुटले आणि गाडी पाण्यात गेली, ओहोटीला वाळूत रुतलेली सापडली. पुढे तिच्यावर वरून कॅरव्हान टाकली, लोखंडी गोळा आदळला, शेवटी आग लावली. अट एकच: सुटे भाग नवीन घालायचे नाहीत, मेकॅनिकनं साध्या हत्यारांवर ती चालू करायची. दर वेळी ती चालू झाली. मग २४० फूट उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून अख्खी इमारत सुरुंगानं पाडली. ढिगाऱ्यातून काढली, पुन्हा चालू!

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, हे सगळं पाहत होते. त्यांना इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण मिलमध्ये त्यांचा जन्म फिटर म्हणून गेलेला. मेकॅनिक समुद्रातून काढलेलं इंजिन खोलायला लागला तसे नाना खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "हा माणूस खरा आहे. बाकीचे नुसते बोलतात."

नानांची गाडी होती प्रीमियर पद्मिनी. घरात तिला कुणीच पद्मिनी म्हणालं नाही, फियाटच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद मूळ गुजराती कुटुंबातले, पण सोलापूरचे. नाना हे नेहमी सांगायचे. "आपली गाडी आपल्यासारखीच, निम्मी इकडची निम्मी तिकडची." १९८६ मध्ये त्यांनी ती मुंबईहून जुनी घेतली आणि मनोर, तलासरी, वापी, वलसाड करत स्वतः चालवत सुरतेला आणली. पुढे बाकडं, गिअर स्टिअरिंगला. लग्नं, बारशी, दवाखाने, सगळं त्या गाडीनं केलं. २००६ पर्यंत ती थकली होती आणि मी ती विकायच्या मागे लागलो होतो.

मग ऑगस्ट आला. ७ तारखेपासून उकाईतून सोडलेलं पाणी शहरात घुसलं. विसर्ग सुमारे नऊ लाख क्यूसेकवर गेला. राखी दोन दिवसांवर, घराघरात पाहुणे. आम्ही अडाजणला दुसऱ्या मजल्यावर होतो. रात्री वीज गेली. नाना टॉर्च घेऊन जिन्यात बसले आणि खाली पार्किंगमध्ये बघत राहिले. थोड्या थोड्या वेळानं सांगायचे, "हबकॅप बुडाली." मग, "बंपर गेला." "बॉनेट गेलं." "काच निम्मी गेली."

माझं डोकं तडकलं. मी ओरडलो, "नाना, इथं माणसांचं काय होईल त्याचा पत्ता नाही आणि तुम्ही गाडीच बघत बसलात?" ते काही बोलले नाहीत. टॉर्च बंद केला. थोड्या वेळानं परत चालू केला.

पाणी टपाच्याही वर गेलं. ते उतरेपर्यंतचे दिवस कसे गेले ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. चिखल उपसताना तळमजल्यावरच्या काकी मला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांमुळे आम्ही वेळेत वर आलो. हबकॅप बुडाली तेव्हाच त्यांनी येऊन सांगितलं, आता सामानाची वाट बघू नका. बॉनेट गेल्यावर पहिल्या मजल्यावरच्यांनाही तयार राहायला सांगितलं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंधारात पाणी मोजायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्या गाडीचा प्रत्येक भाग जमिनीपासून किती उंच, हे त्यांना हातच्या मापासारखं पाठ होतं. हबकॅपपासून बॉनेटपर्यंत पाणी किती वेळात आलं, यावरून ते पुढचा हिशेब करत होते. मी त्यांना लोकांदेखत बोललो होतो. माफी मागायला गेलो तर म्हणाले, "जाऊ दे. आधी बॅटरीची वायर काढ."

गॅरेजवाले भाई येऊन बघून गेले. "आने भंगारमां आपी दो, नाना." त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या दारात तशा गाड्यांची रांग लागली होती. पण माझा मुलगा आजोबांना म्हणाला, "नाना, हायलक्स!" बस्स. दोघं कामाला लागले.

पुरात बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही, हा पहिला नियम. सिलिंडरमध्ये पाणी असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि चालू करायला गेलं की आतला दांडा वाकतो. नानांनी प्लग काढले, ऑइल सोडलं. गाळ आणि तेलाचा कॉफीसारखा रंग निघाला. सिलिंडरमध्ये थोडं डिझेल घालून इंजिन हातानं फिरवलं. कार्ब्युरेटर खोलून धुतला, डिस्ट्रिब्युटर उन्हात वाळवला. पेट्रोलची टाकी उतरवून तीनदा धुतली. ऑइल दोनदा बदललं. आजच्या गाडीत हे जमणार नाही, तिचा अर्धा जीव इलेक्ट्रॉनिक्समध्ये असतो. फियाटमध्ये जे होतं ते सगळं डोळ्यांना दिसणारं.

तिसऱ्या रविवारी ती चालू झाली. आधी पांढरा धूर, मग काळा, मग आवाज एकसारखा झाला. मुलगा सोसायटीभर ओरडत फिरला. पुढे दीड वर्ष ती चालली. चिखलाचा वास मात्र गेला नाही आणि तळाचा पत्रा गंजत गेला. शेवटी नानांनीच भंगारवाल्याला फोन केला. मी पुन्हा कधी विषय काढला नव्हता.

त्यानंतर आम्ही तिघं टॉप गिअर नियमानं बघू लागलो. २००८ च्या डिसेंबरमधला व्हिएतनामचा भाग नानांचा लाडका. तिघांच्या हातात दीड कोट डाँग देतात. नोटांच्या गड्ड्या बघून ते खूश, आणि मग कळतं की एवढ्यात गाडी येत नाही, फार तर दुचाकी. हॅमंड मिन्स्क मोटरसायकल घेतो, मे होंडाची छोटी कब, आणि दुचाकीचा तिटकारा असलेल्या क्लार्कसनच्या वाट्याला जुनी व्हेस्पा. सायगावहून हालाँगच्या उपसागरापर्यंत आठ दिवसांत जायचं.

व्हेस्पा दिसल्याबरोबर आई म्हणाली, "अगंबाई, ही तर आपली चेतक!" तसं ते खोटं नाही. बजाज आधी व्हेस्पाच बनवायचे, चेतक तिच्यावरूनच आली. त्या चेतकवर आम्ही चौघं, मी पुढे उभा, बहीण दोघांच्या मध्ये, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत साक्रीला जायचो. कोंडाईबारीच्या घाटात एकदा क्लचची केबल तुटली. एका ट्रकवाल्यानं स्कूटर आणि आम्हाला मागे चढवून दहिवेलला उतरवलं. पैसे घेतले नाहीत. क्लार्कसन पावसात भिजत स्कूटर ढकलत होता तेव्हा आई हसली नाही. म्हणाली, "याच्या मागे कॅमेऱ्याची गाडी आहे. आपल्या मागे कोण होतं?" नाना म्हणाले, "ट्रकवाला होता की."

आणि मग २८ डिसेंबर २०११ चा भारताचा भाग. इंग्लंडचा व्यापार वाढवायला आपण भारतात चाललो, असा त्यांचा आव. क्लार्कसन जॅग्वार एक्सजेएसमध्ये, मे रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्ये, हॅमंड छोट्या मिनीमध्ये. सुरुवात मुंबईत, शेवट हिमालयात. मुंबईत त्यांनी डबेवाल्यांशी पैज लावली, रेल्वेऐवजी गाडीनं डबे पोचवून दाखवतो म्हणाले. ट्रॅफिकमध्ये तिघांचे हाल झाले आणि आपले डबेवाले लोकलनं आरामात पुढे! आमच्या घरात टाळ्या पडल्या.

पुढे मात्र चव बिघडली. मुंबईहून जयपूरला जाताना आगगाडीवर फलक लावले, डबे सुटले की त्यांचा अचकट अर्थ व्हावा असे. जॅग्वारच्या मागच्या बाजूला संडासाचं भांडं बसवून आपल्या पाण्याची, पोटाच्या विकारांची टिंगल केली. २०१२ च्या जानेवारीत लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयानं बीबीसीकडे तक्रार केली. मुलगा म्हणाला, ते सगळ्यांचीच करतात, स्वतःचीही करतात. मला राग आला होता. आमचं जेवणाच्या ताटावर चांगलंच वाजलं.

नानांचं वेगळंच. "व्यापाराला आले आणि सुरतेला उतरले नाहीत?" मुंबई-जयपूर म्हणजे वाटेत सुरत लागणारच. आणि यांचे पूर्वज १६०८ मध्ये हेक्टर जहाजातून आले ते सुरतेलाच. वखार इथेच घातली. १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा वखारीचा मुख्य असलेला जॉर्ज ऑक्झेंडन कतारगाम दरवाज्यापाशी कबरीत झोपलाय. त्या लुटीवरून शाळेत आपण मराठी मुलांनी किती टोमणे खाल्लेत, ते तुम्हाला माहीतच आहे!

नाना पुढे म्हणाले, "आणि विकायला काय आणलंय? जॅग्वार टाटांची." खरंच होतं. २००८ मध्येच टाटांनी ती कंपनी घेतली होती. रोल्स-रॉइस आणि मिनी ही नावं जर्मनांच्या बीएमडब्ल्यूकडे. ब्रिटनचा माल म्हणून आणलेल्या तिन्ही नावांचा मालक ब्रिटिश नव्हता. आणि जमशेटजी टाटा जन्मले नवसारीला, आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर, गायकवाडी मुलखात. नाना म्हणाले, "हसू दे त्यांना. पावती आपल्याकडे आहे." घरातलं भांडण तिथं मिटलं.

२०१५ मध्ये क्लार्कसनला काढलं, बाकीचे दोघंही गेले. पुढे २०२२ मध्ये चित्रीकरणात एका सूत्रधाराला गंभीर अपघात झाला आणि कार्यक्रम थांबला. नाना त्याआधीच गेले होते.

आता मागे वळून बघताना वाटतं, लक्षात राहिले ते भाग तिघांची स्वतःची खोड मोडली तेच. डबेवाल्यांपुढे हरले, दीड कोटीत स्कूटर मिळाली, हायलक्स मारायला गेले आणि तिनं त्यांनाच हरवलं. दुसऱ्यावर हसले ते भाग विटले. आणि त्या पुराच्या रात्री जिन्यात मीही समोरचं न समजताच बोललो होतो.

आमच्या पार्किंगच्या खांबावर पाण्याची खूण अजून आहे, रंगाखालून पुसट दिसते. तिच्या खाली नानांनी पेन्सिलनं तीन रेघा मारल्या होत्या. हबकॅप, बॉनेट, टप.

तुमच्याकडे कुठली गाडी होती? पुरात तिचं काय झालं? जरूर लिहा.